सशांस गुंगीचें औषध : त्यानें वाढ होते काय ?

शेतीस एखादा जोडधंदा असावा, ही गोष्ट आतां कोणास पटवून द्यावी लागत नाहीं. केवळ कपाशी व सोयाबीन यांवर विसंबून राहिलेल्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास एका बुडालेल्या हंगामाची किंमत काय असते हें चांगलें ठाऊक आहे. कोंबड्या व शेळ्या यांच्या जोडीस ससेपालनाचा विचार होतो तो याच कारणानें. ससा थोड्या जागेंत राहतो. पाला, गवत व थोडें धान्य यांवर पोसतो. मादी तीस ते बत्तीस दिवसांत विते. आणि न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, ग्रे जायंट यांसारख्या थोराड जातींचें पिल्लूं जन्मतः पन्नास-साठ ग्रॅमच भरत असलें तरी चांगल्या निगेनें तीन महिन्यांच्या सुमारास दोन किलोच्या आसपास जातें. येथें ज्याविषयीं लिहावयाचें आहे तो ससा पाळीव जातीचा होय. आपल्या धुऱ्यावरून पळणारा रानससा हा निराळा प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण आहे. त्यास पकडण्याच्या वाटेस कोणीं जाऊं नये.

जेथें नफा वजनावर मोजला जातो, तेथें "वजन वाढविणारी पुडी" विकणारा मनुष्यही आज ना उद्यां दारीं येतोच. त्याचा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड दिसतो. ससा जात्याच भित्रा, कुत्रें भुंकलें, भांडें पडलें, कीं तो दचकतो, दचकल्यानें झिजतो, शेजारच्या सशास चावे घेतो. मग त्याच्या पाण्यांत किंवा खाद्यांत थोडें गुंगीचें औषध घातलें, तर तो स्वस्थ पडून राहील व खाल्लेलें सर्व अंगीं लागेल ! आमचें म्हणणें असें कीं, हा युक्तिवाद मुळांतच चुकीचा आहे. स्वस्थ पडलेला ससा आणि वाढणारा ससा हे एक नव्हेत. इतकेंच नव्हे, तर ज्या खुणांवरून सशाचा आजार मालकास कळतो, नेमक्या त्याच खुणा हें औषध पुसून टाकतें. हें कसें, तें क्रमानें पाहूं.

ही कल्पना आली कोठून ?

शामक औषध खाद्यांत मिसळून जनावर वाढवावें, ही कल्पना अगदींच आडदांड नव्हे. तिचा उगम आपल्याच देशांतील एका मुळींत आहे. सर्पगंधेची मुळी उन्माद व निद्रानाश यांवर देण्याची वहिवाट आपल्याकडे फार जुनी. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिच्या मन शांत करण्याच्या व रक्तदाब उतरविण्याच्या गुणांविषयीं लिहिलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्य वैद्यांचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतील मुख्य सत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्यास रेसर्पिन म्हणतात. त्याच सुमारास फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझिन हें दुसरें शामक औषध पुढें आलें.

मनुष्यांच्या दवाखान्यांतून हीं औषधें गोठ्यांत जावयास वेळ लागला नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत गुरें, मेंढ्या व कोंबड्या यांच्या खाद्यांत अत्यल्प मात्रेनें शामक औषधें मिसळून पाहण्यांत आलीं. टर्की पक्ष्यांमध्यें महारोहिणी फुटून अकस्मात् मरण्याचा एक विकार आढळतो. त्यावर रक्तदाब उतरविणाऱ्या रेसर्पिनचा उपयोगही झाला. परंतु तो एका विवक्षित रोगावरील उपाय होता, वाढीचा उपाय नव्हे. वाढीच्या बाबतींत परिणाम एकसारखा मिळाला नाहीं. कोठें थोडा लाभ दिसला, कोठें कांहींच फरक पडला नाहीं, आणि मात्रा अधिक झाली तेथें जनावर खाईनासें होऊन वजन उलट घटलें. जी गोष्ट तराजू व नोंदवही घेऊन बसलेल्या प्रयोगशाळांस साधली नाहीं, ती चमच्यानें माप घेणाऱ्या पाळणाऱ्यास साधेल अशी आशा धरणें व्यर्थ होय.

सशांवरील प्रयोगांत काय दिसलें ?

रेसर्पिन शरीरांत काय करतें हें शास्त्रज्ञांस कळलें तें बरेंचसें सशांवरूनच, ही गोष्ट ससे पाळणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९५५ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथें प्लेचर, शोर व ब्रॉडी यांनीं असें दाखविलें कीं, हें औषध दिलेल्या सशांच्या मेंदूंतील सेरोटोनिन नांवाचें द्रव्य बहुतेक नाहींसें होतें. पुढें १९५७ सालीं स्वीडनमधील आर्विड कार्ल्सन व त्यांचे सहकारी यांनीं रेसर्पिन दिलेल्या सशांवर आणखी एक प्रयोग केला. त्या सशांचे कान खालीं लोंबले होते, पापण्या मिटत होत्या आणि अंग हलत नव्हतें. त्यांस डोपा नांवाचें द्रव्य टोंचतांच ते थोड्याच वेळांत कान उभारून हालचाल करूं लागले. डोपा शरीरांत गेल्यावर त्यापासून डोपामिन तयार होतें, आणि मेंदूंत याच डोपामिनचा साठा रेसर्पिननें रिकामा केलेला होता. या संशोधनांतून कंपवाताच्या औषधाची वाट निघाली, व कार्ल्सन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या प्रश्नापुरता यांतील बोध सरळ आहे. कान लोंबलेला तो ससा विश्रांति घेत नव्हता. मज्जातंतू ज्या द्रव्यांच्या साहाय्यानें एकमेकांस निरोप देतात, त्या द्रव्यांचे सांठेच रिकामे झालेले होते. विहीर आटली म्हणजे मोट थांबते. तेवढ्यावरून बैलांस विसांवा मिळाला असें म्हणतां येईल, पण मळा भिजला असें कोणी म्हणणार नाहीं. शिवाय हे सांठे पुन्हां भरून येण्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून रेसर्पिन बंद केलें तरी त्याचा परिणाम लागलीच जात नाहीं.

सर्व शामक औषधें एकाच जातीचीं नाहींत, हेंही येथें सांगितलें पाहिजे. डायझेपामच्या वर्गांतील औषधांनीं कित्येक प्राण्यांची भूक कांहीं काळ वाढते, हें खरें आहे. पुडी विकणारा नेमका याच गोष्टीचा आधार घेतो. परंतु ही भूक औषधाचा अंमल असेतोंवरची असते, रोज दिल्यानें शरीर त्यास सरावतें, आणि एकदम बंद केल्यास जनावर अस्वस्थ होतें. चार घटका वाढलेली भूक आणि सात आठवडे टिकणारी वाढ यांत फार अंतर आहे.

सशाचें पोट कसें चालतें ?

शामक औषध इतर जनावरांपेक्षां सशास अधिक कां बाधतें, हें कळण्यास त्याच्या पोटाची रचना जाणली पाहिजे. ससा रवंथ करीत नाहीं, तरी गवतावर जगतो. हें त्यास साधतें तें आंधळ्या आतड्याच्या जोरावर. पचनमार्गांतील एकंदर मालाचा सुमारें ४० टक्के भाग या एकट्या पिशवींत असतो. खाल्लेल्या चाऱ्यांतील जाड तंतु निराळे होऊन कोरड्या, कठीण लेंड्यांच्या रूपानें लवकर बाहेर पडतात. बारीक भाग मागें फिरून आंधळ्या आतड्यांत जातो व तेथील सूक्ष्म जंतू त्यास आंबवितात. त्यापासून मऊ, बुळबुळीत, द्राक्षांच्या घडासारख्या लेंड्या तयार होतात. त्या ससा गुदद्वारापासूनच उचलून खातो. नवख्या पाळणाऱ्यास ही घाण वाटते. पण त्यांतूनच सशास प्रथिनें व 'ब' वर्गाचीं जीवनसत्त्वें मिळतात. हा क्रम मोडला तर उत्तम खाद्यही अर्धें वायां जातें.

हें सर्व काम आतड्याच्या अखंड हालचालीवर अवलंबून आहे. पाण्यावरची चक्की प्रवाह असेपर्यंत दळते, तशी सशाची आंतडीं चारा येत राहील तोंवर चालतात. ससा मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत थोडें थोडें करून खातो. त्या वेळीं तो गुंगींत पडला, तर चारा कमी जातो; चारा कमी गेला कीं आंतडीं मंदावतात; आंतडीं मंदावलीं कीं आंतील जंतूंचा समतोल बिघडून वायु धरतो; वायूनें पोट दुखलें कीं ससा उरलेला चाराही सोडतो. या फेऱ्यांत सांपडलेला ससा एक-दोन दिवसांतही दगावतो. त्यास ओकतांही येत नाहीं. पोटांत गेलेलें पुढेंच सरकलें पाहिजे. अफूच्या वर्गांतील औषधें व झायलाझिन हीं आतड्याची हालचाल मंद करतात. रेसर्पिन उलट ती वाढवून लेंड्या पातळ करतें. दोन्ही मार्ग सशास सारखेच घातक आहेत.

विशेषतः पिल्लें आईपासून तोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे फार जपण्याचे असतात. दुधावरचें पोट याच वेळीं चाऱ्यावर येतें, आणि हगवण व आतड्यांतील कॉक्सिडिया यांचा जोरही याच वयांत असतो. वजन वाढविण्याच्या हेतूनें पुडी द्यावयाची ती याच वयाच्या पिल्लांस दिली जाणार. म्हणजे जेथें धोका सर्वांत अधिक, तेथेंच औषधाचा प्रयोग होणार.

खुणा पुसल्या जातात

ससा हा दुसऱ्यांचें भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळें आजार लपविणें हा त्याचा स्वभाव आहे. बैल आजारी पडला तर कण्हतो, शेळी ओरडते. ससा गप्प बसतो. त्याचें दुखणें ओळखण्यास मालकाजवळ तीन-चारच साधनें असतात : रात्रीं टाकलेला चारा सकाळीं किती उरला, पिंजऱ्याखालीं लेंड्या किती व कशा पडल्या, पिंजऱ्याजवळ जातांच ससा कान टवकारून पुढें येतो कीं कोंपऱ्यांत पाठ फुगवून बसतो, आणि तो दांत कुरकुरवितो काय. गुंगीच्या औषधानें निरोगी ससाही चारा टाकतो, लेंड्या कमी करतो व कोंपऱ्यांत बसतो. मग आजारी कोणता व औषधानें सुस्त झालेला कोणता, हें ओळखावें कसें ? सर्दी, खरूज, हगवण यांपैकीं कांहीं शिरलें, तर तें दोन दिवस उशिरां कळतें. आणि दाटीनें ठेवलेल्या पिंजऱ्यांत दोन दिवस ही थोडी मुदत नव्हे.

घाटावर आणि घाटाखालीं

बुलढाणा जिल्ह्याचे अजिंठ्याच्या रांगेमुळें दोन भाग पडले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा, सिंदखेड राजा हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यांतील भाग घाटाखालचा. घाटावर उन्हाळ्याच्या रात्री बऱ्याच निवतात. घाटाखालीं मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो व रात्रही तापलेली असते. सशास मानवणारी हवा सुमारें पंधरा ते पंचवीस अंशांची. तीस अंशांपुढें त्यास त्रास होऊं लागतो, व पस्तिसांपुढें अंगांतील उष्णता बाहेर टाकणें त्यास फार कठीण जातें. कारण त्यास घाम जवळजवळ येत नाहीं. लांब कानांतील रक्तवाहिन्या आणि जलद श्वास हींच त्याचीं निवण्याचीं साधनें.

उन्हाळ्यांत सशास शांत ठेवावें म्हणून गुंगी देणें हें वरवर शहाणपणाचें वाटतें. परंतु याच ठिकाणीं मोठा घात होतो. क्लोरप्रोमाझिनच्या वर्गांतील औषधें मेंदूंतील उष्णतेचें नियंत्रणच ढिलें करतात. अशा स्थितींत शरीर बाहेरील हवेच्या मागें जातें : थंडींत निवतें, उन्हाळ्यांत तापतें. निरोगी सशाचें अंग ३८.५ ते ४० अंश सेल्सियस इतकें ऊन असतें. भोंवतालची हवाच त्याहून ऊन झाली आणि शरीराचा पहारेकरी झोंपीं गेलेला असला, तर ससा कसा वांचावा? शिवाय रक्तदाब उतरलेला, पाणी पिण्याची शुद्ध नाहीं, आणि उठून गार जागीं सरकण्याचें बळ नाहीं. बाजारास नेतांना टोपलींत गुंगी देऊन ठेवलेले ससे वाटेंत मरण्याचा धोका याच कारणानें वाढतो. थंडींतही उलट बाजूनें तीच गोष्ट : घाटावरच्या पौषांतील पहाटे गुंगींतील पिल्लूं आपली ऊब राखूं शकत नाहीं.

माद्या व पिल्लें

पहिलटकर मादी कधीं कधीं आपलीं पिल्लें टाकते किंवा खाते. तिला शांत करण्यासाठीं औषध द्यावें असा मोह होतो. परंतु सशाची मादी पिल्लांस दिवसाच्या चोवीस तासांत बहुधा एकदांच, आणि तेंही तीन ते पांच मिनिटेंच पाजते. ती एक वेळ गुंगींत गेली, तर पिल्लांस दुसऱ्या दिवसापर्यंत दूध नाहीं. उघड्या अंगाच्या, मिटल्या डोळ्यांच्या पिल्लांस इतका वेळ काढणें फार जड जातें. पिल्लें टाकण्याचें खरें कारण बहुधा निराळेंच असतें : वितांना पाणी नसणें, पिल्लांच्या पेटीत पुरेसें गवत नसणें, माणसांची व कुत्र्यामांजरांची वर्दळ, अथवा खाद्यांतील उणीव. त्यांवर औषध नाहीं, व्यवस्थाच पाहिजे.

गर्भधारणेचीही तीच गोष्ट. सशाच्या मादीचें बीज नराशीं संयोग झाल्यावरच, सुमारें दहा तासांनीं सुटतें; तो निरोप मेंदूकडून रक्तावाटे अंडाशयाकडे जातो. मेंदूवर काम करणाऱ्या कांहीं औषधांनीं हा निरोप अडूं शकतो. रेसर्पिननें तर गाभ नसलेल्या माद्यांसही दूध उतरतें, असें १९५७ सालींच सशांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. म्हणजे औषधाचें काम डोळ्यांवरील झापडीपुरतें नसून शरीराच्या सर्व कारभारांत तें हात घालतें.

"झोपेचेंच तर औषध, त्यानें काय होतें ?" असें म्हणणाऱ्यानें थॅलिडोमाइडचा इतिहास आठवावा. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत हें निर्धोक झोपेचें औषध म्हणून विक्रीस आलें. गरोदर स्त्रियांनीं तें घेतलें, आणि जगांत दहा हजारांहून अधिक मुलें हातापायांच्या व्यंगांसह जन्मास आलीं. १९६१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींत तें मागें घेण्यांत आलें. उंदरांवर त्याचा दोष सहज दिसून येत नव्हता. १९६२ सालीं ब्रिटनमध्यें सोमर्स यांनीं तें गाभण सशांस दिलें, तेव्हां पिल्लांत तशींच व्यंगें दिसलीं. ते ससे न्यूझीलंड व्हाइट जातीचे, म्हणजे आपल्याकडे मांसासाठीं पाळतात त्याच जातीचे होते. प्रत्येक शामक औषध असेंच करतें असें नव्हे. परंतु गाभण मादीस अनोळखी औषध देणें किती अविचाराचें आहे, हें यावरून दिसेल.

तराजूचा भ्रम

पुडी देऊन चार दिवसांनीं सशाचें वजन वाढलेलें दाखविणें मुळींच कठीण नाहीं. आतडें मंदावलें कीं माल आंतच सांठतो. तो माल तराजूवर भरतो, मांस भरत नाहीं. पहाटे चरून झालेला ससा व सायंकाळीं रिकाम्या पोटाचा ससा यांच्या वजनांतही फरक पडतो. म्हणून कोणताही वाढीचा दावा पारखावयाचा तर रीत धरूनच पारखावा. एकाच वयाचीं, शक्य तर एकाच वेताचीं पिल्लें दोन गटांत सारखीं वांटावीं; दोन्ही गटांस पिंजरा, चारा व पाणी सारखें द्यावें; दर आठवड्यास ठराविक वाराला, सायंकाळीं चारा टाकण्यापूर्वीं तोलावें; घातलेलें खाद्य व उरलेलें खाद्य दोन्ही तोलून लिहावें; आणि मेलेल्या पिल्लांची नोंद वगळूं नये. नवें खाद्य, नवा चारा किंवा नवी जात पारखण्यास हीच रीत उपयोगी पडते.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. समजा, दहा पिल्लांचे दोन गट आहेत. पुडी दिलेल्या गटांतील दोन मेलीं व उरलेल्या आठांचें सरासरी वजन १.९ किलो भरलें. दुसऱ्या गटांतील दहाही जगलीं व सरासरी १.८ किलो भरली. विकणारा सरासरी दाखवील व पुडी जिंकली म्हणेल. परंतु पहिल्या गटाचें एकूण वजन १५.२ किलो व दुसऱ्याचें १८ किलो होतें. म्हणजे पुडीचा खर्च सोडूनही पावणेतीन किलोंहून अधिक माल गमावला. पिंजऱ्यांतील सशास मुळांतच फार हिंडावयास नसतें. त्याची उरलीसुरली हालचाल थांबवून वांचणारी शक्ति ती किती!

खाणाऱ्याचें हित व कायदा

सशाचें मांस कोणाच्या तरी ताटांत जातें, आणि औषधाचा अंश मांसांत, विशेषतः काळजांत व चरबींत, राहूं शकतो. म्हणून २०१२ सालीं आपल्या देशांतील औषधनियमांत अशी तरतूद झाली कीं, खाण्यासाठीं पाळलेल्या जनावरांच्या औषधाच्या वेष्टणावर शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस मांस, दूध वा अंडीं वापरूं नयेत हें लिहावें. आणि त्या जातीच्या जनावरासाठीं अशी मुदत ठरलेली नसल्यास मांसाच्या बाबतींत ती निदान २८ दिवसांची धरावी. आतां हिशेब करा. पिल्लूं पांच आठवड्यांचें, म्हणजे ३५ दिवसांचें होऊन आईपासून तुटतें. बारा आठवड्यांस, म्हणजे ८४ दिवसांस विकलें जातें. मधले दिवस ४९. त्यांतून २८ वजा केले, तर पुडी देण्यास २१ दिवसच उरतात, आणि तेही हगवणीच्या भराचे ! नियम पाळावयाचा तर पुडीस जागा नाहीं. आणि पुडी विक्रीपर्यंत द्यावयाची, तर ती खाणाऱ्याच्या पोटांत जाणार. युरोपीय संघानें खाद्य जनावरांस क्लोरप्रोमाझिन देणें सर्वस्वीं वर्ज्य केलें आहे. आपल्याकडे डायझेपाम हें औषधांच्या 'एच-१' अनुसूचींत असून १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेंतही येतें. चिठ्ठीवांचून तें मिळविणें, विकणें हा खेळ नव्हे. नांव नसलेल्या पुडींत काय आहे हें न पाहतां ती घेणारा आपलें जनावर, गिऱ्हाईक व स्वतःची इभ्रत हीं तिन्हीं पणास लावतो.

औषध योग्य केव्हां ?

याचा अर्थ शामक औषधें निरुपयोगी आहेत असा नव्हे. पाय मोडला, गळूं चिरावयाचें असलें, दांत वाढून तोंडांत रुतले, तर पशुवैद्य सशास तोलून, मात्रा ठरवून गुंगी देतात; आणि तेंच दयेचें काम होय. ससा गुंगी देण्यास अवघड प्राणी असल्यामुळें हें काम त्यांच्याच हातीं असावें. अशा वेळीं मालकाचें कर्तव्य तीन गोष्टींचें : आधीं सशास उपाशी ठेवूं नये, कारण त्यास ओकारी होत नाहीं व उपासानें आंतडीं मात्र थांबतात, शुद्धीवर येईपर्यंत त्यास फार निवूं किंवा तापूं देऊं नये, आणि तो खाऊं लागून लेंड्या टाकीपर्यंत त्यावरची नजर काढूं नये.

पुडीऐवजीं काय करावें ?

सशास शांत ठेवण्याचे व वाढविण्याचे खरे उपाय स्वस्त आहेत. त्यांस फक्त रोजची मेहनत लागते.

१. पिंजरे निंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलींत, वारा खेळेल असे ठेवावे. टिनाचें छप्पर असल्यास त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा कडबा यांचा जाड थर द्यावा, अथवा चुना फांसावा. घाटाखालीं पश्चिमेच्या बाजूस ओलें गोणपाट लावावें. मात्र कोंडमारा होऊं देऊं नये.

२. पाणी दिवसांतून निदान दोनदां बदलावें व मातीच्या भांड्यांत गार राखावें. भर दुपारीं गोठविलेल्या पाण्याची बाटली पिंजऱ्यांत ठेवल्यास ससा तिला टेंकून बसतो. धापा टाकणाऱ्या सशाचे कान ओल्या फडक्यानें पुसावे. त्यास एकदम बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये.

३. उन्हाळ्यांत मुख्य चारा सायंकाळीं व पहाटे द्यावा. लसूणघास, शेवरी, हरळी यांसारखा चारा द्यावा. पण तापलेल्या ढिगांतला किंवा बुरसलेला नको. बुरशी धरलेली भुईमुगाची ढेप विषारी होते. आणि सरकीच्या ढेपेंतील गॉसिपोल सशास बाधतें, म्हणून ती देऊं नये. खाद्य बदलावयाचें तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावें.

४. दचकणें कमी करावयाचें तर दचकविणाऱ्या गोष्टी दूर कराव्या. रोज त्याच माणसानें, त्याच वेळीं जावें. कुत्रें, मांजर व मुंगूस यांची वाट बंद करावी. दाटी करूं नये. आणि वाढत्या वयाचे नर तीन महिन्यांच्या सुमारास वेगळे करावे, म्हणजे चावाचावी राहत नाहीं.

५. कडक उन्हाळ्यांत जोड लावण्याचें थांबवावें. उष्णतेनें नराचें बीज निकस होतें, व तें सुधारण्यास सुमारें दोन महिने लागतात; म्हणून मृगानंतर लागलीच वेत न धरल्यास नवल मानूं नये.

६. बाजारास नेणें तें रात्रीं किंवा पहाटे, हवा खेळणाऱ्या टोपल्यांत, थोडे थोडे करून न्यावें. तेवढ्यानें जें साधतें, तें गुंगीनें साधत नाहीं.

७. ससा एक रात्र चारा न खातां राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. खाद्य व निगेविषयीं बुलढाणा व जळगांव जामोद येथील कृषि विज्ञान केंद्रांचा सल्ला घेण्यास संकोच करूं नये.

तात्पर्य, सशाची वाढ आतड्याच्या चालण्यावर, सावलीवर, पाण्यावर व मालकाच्या नजरेवर होते. गुंगीचें औषध यांपैकीं एकही गोष्ट देत नाहीं, आणि चौथी तर काढूनच घेतें. आपल्या मंडळाच्या ज्या सभासदांनीं ससे पाळले आहेत किंवा पाळण्याचें मनांत आणिलें आहे, त्यांनीं पिंजऱ्याजवळ एक साधी वही टांगावी व तींत रोजचा उरलेला चारा, आठवड्याचें वजन आणि मेलेलीं पिल्लें एवढेंच लिहीत जावें. वर्षअखेरीस ती वही चाळली म्हणजे कोणता खर्च फळास आला व कोणता वायां गेला, हें कोणाच्या सांगण्यावांचून दिसून येईल.